पाचव्या तारेवरची करंगळी

"करंगळी कुठे आहे तुझी?" शमुवेल सरांनी विचारलं.

"पाचव्या तारेवर," मी म्हणाले.

"बघ."

मी मान वाकवून बघितलं. करंगळी तारेवर नव्हतीच. ती दोन तारांच्या मधे, लाकडावर पडली होती, आणि मी मनगट दुखेपर्यंत जोर लावून बसले होते.

"घसरली असेल," मी म्हणाले.

"परत वाजव. हळू."

चर्चच्या मागच्या त्या लहान खोलीत शमुवेल सर आठवड्यातून तीनदा मला गिटार शिकवायचे. रविवारी उपासनेत ऑर्गन वाजवायचे, बाकीचे दिवस पोस्टात नोकरी. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. जूनमध्ये पुण्याला गिटारची परीक्षा होती, आणि ती पास झाले तर नगरच्या एका इंग्रजी शाळेत संगीत शिकवायला घेऊ असं तिथल्या बाई बोलल्या होत्या. परीक्षेत आर्पेजिओचे पाच आकार तोंडपाठ वाजवून दाखवायचे होते. कॉर्ड म्हणजे तीन-चार सूर एकदम. तेच सूर एकामागून एक सुटे वाजवले की झाला आर्पेजिओ. गिटारच्या दांडीवर त्या सुरांच्या जागा ठरलेल्या असतात, आणि बोटांनी त्या जागा गाठताना जो नकाशा तयार होतो त्याला सर आकार म्हणत. "आकार एकदा बोटांत बसला की डोळ्यांचं काम संपलं," असं त्यांचं म्हणणं.

पहिला आकार असा होता. सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, म्हणजे दांडीवरच्या तिसऱ्या घरात, मधलं बोट. पाचव्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला तर्जनी, आणि त्याच तारेवर पाचव्या फ्रेटला करंगळी. मग करंगळी न उचलता तशीच कलती करून चौथ्या तारेवर न्यायची. एवढ्याशा कलण्यावर सगळा आकार तोललेला असतो. ते मला डिसेंबरपर्यंत झोपेतही जमत होतं. आता फेब्रुवारी होता, आणि तिथे आलं की सुराऐवजी 'थप' असा मेलेला आवाज येत होता.

मी परत वाजवलं. थप.

सरांनी माझ्या हातातून गिटार घेतली. "डोळे मिट. डावा हात पुढे कर. मी ज्या बोटाला हात लावीन त्याचं नाव सांग."

मला हसू आलं. मी डोळे मिटले.

"तर्जनी."

"पुढे."

"मधलं." मग जरा थांबून, "अनामिका. परत मधलं."

मग काहीच नाही. बाहेर कुणीतरी सतरंज्या झटकत होतं. डोक्यावर पंखा कुरकुरत होता. मी वाट बघत राहिले.

"सर, लावा ना हात."

"लावलाय," सर म्हणाले. "केव्हाचा धरलाय."

मी डोळे उघडले. माझ्या करंगळीचं टोक त्यांनी चिमटीत पकडलं होतं. इतकं घट्ट, की नख पांढरं पडलं होतं.

सरांनी हात सोडला आणि म्हणाले, "बाही वर कर."

कोपराच्या वर, बाहेरच्या बाजूला, रुपयाएवढा एक फिकट डाग होता. दिवाळीच्या सुमारास मला तो पहिल्यांदा दिसला होता.

"शिबं आहेत ती," मी म्हणाले. "उन्हाने येतात."

"खाजतं?"

"नाही."

"दुखतं?"

"काहीच होत नाही."

सर खाली बघत म्हणाले, "उद्या सकाळी सरकारी दवाखान्यात जा. चौदा नंबरची खोली. आईला बरोबर घेऊन जा."

"काय झालंय मला?"

"ते डॉक्टर सांगतील. मी गिटार शिकवणारा माणूस." त्यांनी माझी गिटार स्वतः पेटीत ठेवली. एरवी ते आमची वाद्यं आम्हालाच ठेवायला लावायचे.

सायकलवरून घरी येताना वाटेत जकात नाक्याची लांब भिंत लागायची. तिच्यावर सरकारने लाल अक्षरांत मजकूर रंगवला होता. शिकवणीला जाता-येता त्या भिंतीसमोरून मी जात असे आणि तो मजकूर मी कधी वाचला नव्हता. त्या दिवशी मी पाय टेकवून उभी राहिले. अंगावर फिकट, लालसर चट्टा. न खाजणारा, न दुखणारा, बधिर. खाली रोगाचं नाव. मी ते नाव पुरतं वाचलं नाही. मागून ट्रकने हॉर्न दिला तेव्हा कळलं की मी रस्त्याच्या मधेच उभी आहे.

आम्ही मुलींच्या एका वसतिगृहाच्या आवारात दोन खोल्यांत राहायचो. आई तिथे स्वयंपाक करायची. बाबा मी आठवीत असताना गेले. तेव्हापासून घर आईच्याच हातावर होतं. माझी मोठी बहीण सुवार्ता बालवाडीत शिकवायची, आणि तिचं लग्न संगमनेरला ठरलं होतं. अठरा मे. पत्रिका छापायला गेल्या होत्या.

आई आमच्यापुरत्या भाकरी करत होती. पायात नेहमीचे कॅनव्हासचे बूट होते. फरशीच्या गारव्याने गुडघे धरतात, म्हणून ती घरातही बूट घालायची. सुवार्ता अजून आली नव्हती. मी उंबऱ्याशी बसून सगळं सांगितलं. करंगळी, डाग, चौदा नंबरची खोली. आई भाकरी थापत राहिली.

"दार लाव," ती म्हणाली.

मी दार लावलं. ती उठून आली, पीठ लागलेल्या हातांनी माझी दुमडलेली बाही सोडवली आणि मनगटापर्यंत खाली ओढली. डाग कसा आहे, केवढा आहे, हे तिने पाहिलंसुद्धा नाही.

"सरांनी आणखी कुणाला सांगितलं?"

"नसेल. आई, हा महारोग आहे का गं?"

"तो शब्द या घरात काढायचा नाही."

"पण सर म्हणाले उद्याच जा."

"सरांच्या घरात लग्न आहे का? दवाखान्यात नाव लिहून घेतात, विनू. मग घरी माणसं येतात, चौकशी करतात. संगमनेरच्यांना कळायला किती वेळ? अठरा मेपर्यंत बाही खाली ठेवायची. ती सासरी गेली की मी स्वतः नेते तुला."

"आणि तोवर?"

"तोवर खोबरेल लाव," आई म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी तिने बोटांनीच उलटली.

मी ऐकलं. मला आईचं म्हणणं पटलं होतं असं नाही. पण सुवार्ताच्या पत्रिका माझ्या डोळ्यांपुढे होत्या, आणि खरं सांगायचं तर दवाखान्याचं दार मलाही नकोच होतं. तिथे कुणीतरी मोठ्याने ते नाव घेणार होतं.

त्यानंतर रोज हेच चाललं. सकाळी डोळे उघडले की आधी मी करंगळी दातांत धरायची. हळूच चावायची, मग जोरात. एकदा दातांना खारट लागलं तेव्हा समजलं की रक्त आलंय. मग गिटार घेऊन बसायची. पहिला आकार. सहावी तार, पाचवी तार, तर्जनी, आणि मग करंगळीची पाळी आली की मी थांबून खाली बघायची. बघून ठेवली तर ती तारेवर बसायची, पण तार खाली आहे की नाही हे ती मला सांगत नव्हती. कुणा परक्या बाईचं बोट माझ्या हाताला शिवून दिल्यासारखं वाटायचं. कधी सूर यायचा. त्या दिवशी मला वाटायचं, बरं होतंय. दुसऱ्या दिवशी परत थप.

मी सुवार्तापासून लांब राहू लागले. आम्ही एका गादीवर झोपायचो. उकडतं म्हणून मी स्वयंपाकघरात चटई टाकली. माझा पेला, माझी थाळी वेगळी केली आणि स्वतःच घासून फळीच्या टोकाला ठेवू लागले. लग्नाच्या साड्या दाखवायला तिने जवळ बोलावलं तरी मी दारातूनच "छान आहे" म्हणायचे.

"माझं लग्न ठरल्यापासून तुझं तोंड का फिरलंय गं?" एकदा तिने विचारलं.

"काही नाही ताई. परीक्षा आहे."

मला बाही खाली ओढायची इतकी सवय झाली होती, की तिच्यादेखत मी ती पुन्हा ओढली.

सरांनी पुढच्या वेळीच विचारलं होतं, "गेली होतीस?"

"हो. शिबंच आहेत म्हणाले."

"कोणत्या डॉक्टर होत्या?"

मी गिटारच्या खुंट्या पिळायला लागले.

"विनया," सर म्हणाले, "या आठवड्यात तू गेली नाहीस तर मी तुझ्या आईशी बोलायला येईन."

मी शिकवणीला जाणंच बंद केलं. मग आवाराचं फाटक वाजलं की सरच आले असं वाटून मी आतल्या खोलीत जाऊन बसायचे. ज्या माणसाने मला एकेक सूर हाताला धरून शिकवला, त्याला मी घाबरू लागले होते.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, एका सकाळी, करंगळी सरळ झाली नाही. मी पंजा उघडला, चार बोटं उघडली आणि ती तळहाताकडे वाकलेलीच राहिली. उजव्या हाताने सरळ केली, सोडली, परत वाकली. पुन्हा केली. शेजारी अनामिकाही थोडी ओढल्यासारखी दिसत होती. मी गिटार घेतली. करंगळी पाचव्या तारेपर्यंत पोचेना.

त्या वेळी मला एवढंच कळलं, की अठरा मेपर्यंत हा हात राहणार नाही. आई वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात होती. मी तिला काही न सांगता सायकल काढली.

चौदा नंबरच्या खोलीबाहेर बाकावर नऊ माणसं बसली होती. मी प्रत्येकाच्या हातांकडे बघितलं आणि मग कुठेच बघितलं नाही. आत पाटसकर म्हणून डॉक्टर होत्या, पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या. त्यांनी डोळे मिटायला सांगून नायलॉनच्या दोऱ्याने माझा हात तपासला. मग कोपराच्या मागे, हाडाच्या खोबणीत, बोट फिरवलं. तिथे दोरीसारखं काहीतरी जाड झालं होतं. त्यांनी ते दाबलं आणि कळ थेट मनगटापर्यंत गेली.

"दुखलं? चांगलंय," त्या म्हणाल्या. "हा कुष्ठरोग आहे. गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. नस सुजली आहे, तिच्यासाठी वेगळ्या गोळ्या देते. बोट कधीपासून बधिर आहे?"

"दोन महिने. जास्तही असतील."

"सहा महिन्यांच्या आत आलीस तर बोट परत येण्याची आशा असते. डाग दिसला तेव्हाच का नाही आलीस?"

मी बाही खाली ओढली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांच्यासमोर मी पहिल्या गोळ्या गिळल्या.

"लघवी लाल होईल, घाबरायचं नाही. आणि आता एक ऐक. हा आजार हवेतून येतो, पण येता-जाता नाही लागत. ज्याला औषध मिळालेलं नाही अशा कुणाच्या तरी जवळ तू वर्षानुवर्षं राहिलेली असणार. घरात कोण कोण आहे?"

"आई आणि बहीण."

"उद्या दोघींना घेऊन ये."

परत येताना मी सायकलवर बसलेच नाही, हातात धरून चालत आले. सुवार्ता आणि मी जन्मापासून एका अंथरुणात झोपलो होतो. तिचे दंड, तिची पाठ, सगळं मी आठवून बघत होते. मानेखाली एक डाग होता. ती जन्मखूण होती का? अठरा मे, संगमनेर, पत्रिका. मी तिच्यापासून लांब पळत होते ते तिला वाचवायला, आणि हा आजार तिच्याकडूनच मला आला असेल तर?

संध्याकाळी दोघी घरात असताना मी उभ्या उभ्या बोलून टाकलं. कुष्ठरोग हा शब्दही उच्चारला. आईने हातातला पेला खाली ठेवला.

"तुला मी काय सांगितलं होतं?" तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "चाळीस पोरी माझ्या हातचं जेवतात, विनू. उद्या मला फाटकाबाहेर काढतील."

"माझं बोट वाकलंय, आई."

"एका बोटासाठी..."

"आई," सुवार्ता मधेच म्हणाली. ती भिंतीला टेकून उभी होती. माझ्याकडे बघत म्हणाली, "म्हणून तू चटईवर झोपायचीस?"

मी मान हलवली.

"उद्या किती वाजता जायचं?" तिने विचारलं.

आई म्हणाली, "मी येणार नाही." पण सकाळी आम्ही निघालो तेव्हा ती पदर डोक्यावरून घेऊन मागे मागे आली.

पाटसकर बाईंनी आधी सुवार्ताला तपासलं. पडद्याआड दहा मिनिटं गेली असतील. मी पडद्याखालून दिसणाऱ्या तिच्या पावलांकडे बघत होते. "काही नाही हिला," बाईंचा आवाज आला, आणि मी बाकाची कड धरली.

"आता तुम्ही. बूट काढा."

"मला काही नाही," आई म्हणाली. "माझे गुडघे धरतात फक्त."

"तरी काढा."

आई हलली नाही. मग मीच खाली बसून तिच्या बुटाची नाडी सोडली. तिने पाय मागे घेतला नाही, नुसते डोळे मिटले. बूट निघाला, मोजा निघाला. मोज्याच्या आत जुन्या लुगड्याची चिंधी घट्ट गुंडाळली होती. ती सोडताना वास आला. तळव्याला, अंगठ्याच्या खाली, जखम होती. खोल. आणि बुटाच्या तळातून एक खिळा आत घुसून वर आला होता, त्याचं टोक ओलं होतं. आई त्या खिळ्यावर घरापासून दवाखान्यापर्यंत चालत आली होती. तिला माहीतच नव्हतं.

सुवार्ता तोंडावर हात धरून बाहेर गेली.

"किती वर्षं झाली?" बाईंनी विचारलं.

आईने पदर सारखा केला. मग म्हणाली, "विनू पाचवीत होती तेव्हापासून."

"नऊ वर्षं."

"कुणाला कळू दिलं नाही. ह्यांनासुद्धा नाही." ती बाईंशी बोलत होती, पण डोळे जमिनीवर होते. "मला वाटलं, हे माझ्यापुरतंच आहे. मी भोगीन आणि माझ्याबरोबर जाईल. पोरींना त्याची झळ नको. तेवढंच बघत होते, बाई."

बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी कापूस घेतला आणि आईचा पाय मांडीवर घेऊन पुसायला लागल्या. मी आईचा बूट हातात धरून तिथेच बसले होते. मला राग यायला हवा होता. मला फक्त भीती वाटत होती, आणि पहिल्यांदाच ती माझ्या बोटाची नव्हती. नऊ वर्षं हिने एकटीने हे कसं धरून ठेवलं असेल, याची होती.

मला सहा महिने गोळ्या होत्या, आईला दोन वर्षं. औषध सुरू झाल्यावर दुसऱ्याला धोका राहत नाही असं पत्र बाईंनी वसतिगृहाला लिहून दिलं. तिथल्या बाई चांगलं बोलल्या, जखम भरेपर्यंत रजा घ्या म्हणाल्या, आणि नंतर बोलावलं नाही. आम्ही खोल्या सोडल्या. सुवार्ताने संगमनेरला स्वतः पत्र लिहिलं, काहीही न लपवता. चार ओळींचं उत्तर आलं. ते तिने दोन दिवस आम्हाला दाखवलं नाही. पत्रिकांचा गठ्ठा तिने चुलीत घातला आणि त्यावर अंघोळीचं पाणी तापवलं. काही महिने ती आईशी बोलत नव्हती, पण रोज सकाळी आईच्या पायाची पट्टी तीच बदलायची. तिचं लग्न पाच वर्षांनी झालं, तिने स्वतः निवडलेल्या माणसाशी. त्या घरी आईने आधी जाऊन सगळं सांगितलं होतं.

शमुवेल सर नव्या जागी स्वतः आले. माझ्या खोटं बोलण्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. म्हणाले, "डॉक्टर व्यायाम सांगतात ना बोटाला? मग हा व्यायामच आहे. पाचही आकार, रोज, बघून वाजवायचे. सूर आला नाही तरी चालेल." जूनची परीक्षा हुकली. मी रोज बघून वाजवत राहिले. तासभर मेलेले आवाज ऐकणं सोपं नव्हतं. बोट हळूहळू सरळ होऊ लागलं, पण बधिरच होतं, आणि बाई म्हणाल्या होत्या की काहींचं तेवढंच येतं.

जुलैमधल्या एका दुपारी सुवार्ता शाळेत गेली होती. आई पाय पाटावर ठेवून तांदूळ निवडत होती. मी पहिला आकार वाजवत होते. सहावी तार, पाचवी तार, तर्जनी. करंगळी टेकवली आणि हात झटकन मागे घेतला.

"काय झालं?" आईने विचारलं.

"काही नाही. तार टोचली."

मी बोलले आणि तशीच थांबले. आईचे हात तांदळात थांबले.

"कुठल्या बोटाला?"

मी करंगळी वर केली. त्वचेवर तारेची बारीक लाल रेघ उमटली होती, आणि तिथे झोंबत होतं. थोडंसंच, कापसाच्या थराआडून यावं तसं. पण झोंबत होतं.

आईने सूप बाजूला ठेवलं. "परत वाजव," ती म्हणाली.

मी वाजवलं. करंगळी पाचव्या तारेवर बसली, कलती होऊन चौथीवर गेली, आणि माझ्या तोंडून 'स्स' निघालं.

"परत," आई म्हणाली.

मी परत वाजवलं. पुन्हा कळ आली. ती पुढे वाकली होती, डोळे माझ्या तोंडावर होते, आणि प्रत्येक वेळी मी दात आवळले की ती म्हणायची, "परत."